एकास पाचशे

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
गिरणीच्या डोक्यावरचा माळा.
इथे आम्ही शहरं बनवतो,
पाचशे पटीनं लहान.

फाइल रात्री साडेदहाला येते,
रॉटरडॅमला तेव्हा ऑफिस सुटत असतं.
पांचाळशेठ ती उघडतात, चष्मा कपाळावर,
आणि म्हणतात, सातवी रिव्हिजन. चला.

लेझर अ‍ॅक्रिलिक कापतो, जळका गोड वास सुटतो.
राबोडीची शमीम झाडं करते:
स्पंज किसते, हिरव्यात घोळवते,
परातीत वाळत घालते, कुरडयांसारखी.
माणसं जर्मनीहून येतात, पाकिटात शंभर,
साडेतीन मिलिमीटरची,
सगळी कुठेतरी निघालेली.
एकही बसलेलं नाही.

या खेपेला जागा कोलशेतची होती.
माझं गाव.
सत्तावीस सेंटिमीटरचा मनोरा, खाडीलगत,
आणि आजूबाजूचं सगळं पांढरं ठेवा, असं फाइलीत.
दारं नकोत, खिडक्या नकोत.
आमची आळी तीन ठोकळ्यांत बसली.
मी कानस मारून त्यांच्या कडा गुळगुळीत केल्या.
पगाराचं काम, त्यात वाईट काय वाटायचं.

मग बाई स्वतः आल्या.
मारेइके. शेठ मारिकाम्याडम म्हणत राहिले.
खुर्ची नको म्हणाल्या, चहा घेतला,
आणि वाकल्या इतक्या
की हनुवटी घोडबंदर रोडला टेकली.
एक डोळा मिटून बघत राहिल्या,
साडेतीन मिलिमीटरच्या माणसाला
जे दिसेल ते.

मुंबईच्या ऑफिसची ऋजुता मध्ये दुभाषी.
म्हणाली, म्याडम विचारतायत, वारा कुठून येतो?
शेठ नकाशा शोधायला लागले.
मी म्हणालो, दुपारी तीननंतर,
खाडीच्या वळणावरून, असा.
ओहोटी असेल तर चिखलाचा वास घेऊन,
नाहीतर सुकटीचा.
सुकटीला इंग्रजीत काय म्हणतात
यावर ऋजुता जरा अडली.

बाईंनी मनोऱ्याच्या खांद्याला बोट लावलं.
डिंक अजून ओला होता.
फिरवला. थोडासाच.
दार किलकिलं करावं, तितका.
कोणी काही बोललं नाही.
खालची गिरणी तेवढी घरघरत होती.
त्या गेल्यावर मी कोनमापक लावला:
चार अंश.

त्या रात्री घरी जेवताना मी सांगितलं,
आपल्याकडे वारा येणार.
बायको म्हणाली, येतोच की.
म्हटलं, तसा नाही, आराखड्यात.

दोन महिन्यांनी अकरावी रिव्हिजन आली.
मनोरा सरळ.
ऋजुताला फोन केला, करायला नको होता.
ती म्हणाली, अहो तांडेल,
चार अंशांपायी तळघरात
बावीस गाड्यांची जागा जाते.
बाईंनी भांडून पाहिलं. मग त्यांनाही
दुसरा प्रकल्प लागला, कुठेतरी वाळवंटात.

आम्ही नवा तळ केला.
तो आता विक्री कार्यालयात असतो, काचेखाली.
खालून दिवे, निळी अ‍ॅक्रिलिकची खाडी,
तिला ओहोटी माहीत नाही.
लोक विसाव्या मजल्यावर बोट ठेवतात
आणि विचारतात, हप्ता किती.

जुना तळ माळ्यावरच राहिला.
त्यावर आम्ही जेवतो.
बाळकुमवर माझा पाण्याचा तांब्या,
पातलीपाड्याला शमीमची लसणाची चटणी.
मनोरा उपटल्याची खूण अजून आहे:
डिंकाचे दोन चौकोन, एकावर एक,
एक सरळ, एक जरासा वळलेला.

डबा मी त्या वळलेल्यावर ठेवतो.
शमीम म्हणते, सरळ ठेव ना, सांडेल.
मी सरळ करतो.
पंखा तसाही वरून लागतो,
सगळ्यांना सारखाच.
ती हात धुवायला उठली
की पुन्हा थोडा फिरवतो.